स्पर्श एका बिंदूत, आणि 'जवळजवळ' म्हणजे किती जवळ?

मागच्या वेळी आपण समरूप त्रिकोणांविषयी बोललो. आज वर्तुळ घेऊ. वर्तुळाला छेदणारी रेषा, त्याला नुसती टेकून जाणारी रेषा, मग परीघ आणि शेवटी क्षेत्रफळ, असा क्रम ठेवू. दहावीच्या भूमितीत हे सगळं आहे, त्यामुळे शब्द कोणालाच नवे नाहीत. विसरले असतील तर बोलता बोलता आठवतील.

हा विषय आजच घेण्याला एक निमित्त आहे. मागचं व्याख्यान ऐकणाऱ्या एका बाईंनी प्रश्न पाठवला होता. त्यांची मुलगी दहावीत आहे. गणितात बरी आहे, पण भूमितीतल्या सिद्धता आल्या की सरळ पाठ करून टाकते. आईने कारण विचारलं तर म्हणाली, "आकृतीत काटकोन दिसतोय की. जे दिसतंय ते सिद्ध कशाला करायचं?"

हा प्रश्न आपल्याला उद्धट वाटायला नको. तो चांगला प्रश्न आहे, आणि शाळेत त्याला बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही. मिळतात ते पाच ओळींचे गुण. मुलगी पाठ करते, पास होते, आणि आपल्याला भूमिती कळत नाही असं मनाशी ठरवून टाकते. नुकसान तिथे होतं.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारी माणसं या विषयात का पडतो, तेही सांगायला हवं. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी प्रोटॅगोरस नावाच्या ग्रीक विचारवंताने नेमकं इथेच बोट ठेवलं होतं, फक्त उलट्या बाजूने. मुलगी म्हणते, दिसतंय, मग सिद्ध कशाला करता? प्रोटॅगोरस म्हणत होता, तुम्ही जे सिद्ध करता ते तर कुठे दिसतच नाही! दोघांना एकच उत्तर देता येतं का, ते आज बघू.

बांगडी आणि पट्टी

प्रोटॅगोरसचं म्हणणं आपल्यापर्यंत ॲरिस्टॉटलच्या 'मेटाफिजिक्स' या ग्रंथातून पोचलं आहे. भूमितिकार म्हणतात, स्पर्शिका वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करते. प्रोटॅगोरस म्हणतो, एक खरं कडं घ्या, त्याला खरी पट्टी लावा आणि बघा. कडं पट्टीला एका बिंदूत टेकलेलं दिसतच नाही.

करून बघायला सोपं आहे. घरातली एक बांगडी घ्या, टेबलावर आडवी ठेवा आणि तिच्या कडेला पट्टी लावा. किती ठिकाणी टेकली? डोळ्यांना तर चार-पाच मिलिमीटरपर्यंत दोन्ही चिकटलेल्याच दिसतात. म्हणजे प्रोटॅगोरस डोळ्यांनी बघून बोलत होता, आणि डोळ्यांपुरता तो बरोबर होता.

मग एकाच बिंदूत स्पर्श, हे कुठून आलं? कोणी ठरवलं? ही केवळ व्याख्या असेल, तर ती खऱ्या बांगडीला लागू कशी पडते? या तीन प्रश्नांची उत्तरं क्रमाने घेऊ.

छेदिका सरकवत नेली तर

कागदावर एक वर्तुळ काढा. केंद्राला 'क' म्हणू. आता वर्तुळाला दोन ठिकाणी छेदणारी एक रेषा काढा. ही छेदिका. छेदिकेचा जो तुकडा वर्तुळाच्या आत राहतो, ती जीवा.

ही छेदिका केंद्रापासून हळूहळू लांब न्या, दिशा न बदलता. जीवा आखूड होत जाते. दोन छेदनबिंदू एकमेकांकडे सरकतात. एक क्षण असा येतो की दोन्ही बिंदू एकमेकांवर येऊन बसतात. अजून जरा सरकवली की रेषा वर्तुळाबाहेर निसटते. तो जो मधला क्षण, ती स्पर्शिका.

हेच केंद्रापासूनच्या अंतरात सांगता येतं. रेषेचं केंद्रापासूनचं लंब अंतर त्रिज्येपेक्षा कमी असेल तर ती छेदिका, जास्त असेल तर वर्तुळाचा आणि तिचा काही संबंध नाही, आणि बरोबर त्रिज्येइतकं असेल तर स्पर्शिका. इथे 'बरोबर' हा शब्द लक्षात ठेवा. 'जवळजवळ त्रिज्येइतकं' अंतर असलेली रेषा एक तर छेदिका असते, नाही तर बाहेरची. 'जवळजवळ स्पर्शिका' अशी वस्तू भूमितीत नाही.

काटकोन कुठून आला?

आता मुलीचा काटकोन घेऊ. प्रमेय असं: वर्तुळाची स्पर्शिका ही स्पर्शबिंदूतून काढलेल्या त्रिज्येला लंब असते. युक्लिडच्या 'एलिमेंट्स'च्या तिसऱ्या पुस्तकात हे अठरावं विधान आहे.

स्पर्शबिंदूला 'स' म्हणू. समजा, त्रिज्या क-स ही स्पर्शिकेला लंब नाही. थोडीशीच कललेली आहे, इतकी थोडी की डोळ्यांना कळणारही नाही. मग केंद्रातून स्पर्शिकेवर टाकलेला खरा लंब दुसऱ्याच कुठल्या तरी बिंदूत उतरेल. त्याला 'ल' म्हणू. आता 'ल'च्या पलीकडे, 'स' जितका दूर आहे तितक्याच अंतरावर, त्याच रेषेवर 'ट' हा बिंदू घ्या. क-ल ही बाजू दोन्हीकडे सामाईक, 'ल'पाशी दोन्हीकडे काटकोन, आणि ल-स बरोबर ल-ट. दोन त्रिकोण एकरूप झाले. म्हणून क-ट हे अंतर क-स इतकंच, म्हणजे त्रिज्येइतकंच आहे. पण जो बिंदू केंद्रापासून त्रिज्येइतका दूर, तो वर्तुळावरच असणार. म्हणजे आपली रेषा वर्तुळाला 'स' आणि 'ट' अशा दोन बिंदूंत भेटते. ती तर छेदिका झाली! आपण सुरुवात स्पर्शिकेपासून केली होती. हा विरोध 'लंब नाही' या गृहीतामुळे आला, म्हणून ते गृहीत चूक.

पाठ्यपुस्तक याला अप्रत्यक्ष सिद्धता म्हणतं. आपल्याकडच्या न्यायदर्शनात याच्या जवळचा विचार 'तर्क' या नावाने येतो: अग्नी नसता तर धूरही नसता. मात्र नैयायिक तर्काला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत, प्रमाणाचा साहाय्यक मानतात. ग्रीक भूमितिकारांनी त्याच पद्धतीला पूर्ण सिद्धतेचा दर्जा दिला. हा फरक मोठा आहे, पण तो एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे बघा. आकृतीत काटकोन दिसतो, कबूल. पण ८९.९ अंशांचा कोनही आकृतीत काटकोनच दिसतो. डोळा त्या दोघांत भेद करू शकत नाही. सिद्धता करते. ती सांगते की कोन ९० अंशांपासून केसभर जरी ढळला, तरी रेषा वर्तुळाला दुसऱ्या ठिकाणी भेटणार. सिद्धतेचा उपयोग दिसणाऱ्या गोष्टीवर शिक्का मारण्यापुरता नसतो. डोळ्यांची ताकद जिथे संपते, तिथून तिचं काम सुरू होतं.

न बदलणारा गुणाकार

पुढचं प्रमेय लांबलचक नावाचं आहे: स्पर्शिका-छेदिका रेषाखंडांचे प्रमेय. नाव ऐकूनच मुलं पान उलटतात. पण त्यात सांगितलेली गोष्ट फार देखणी आहे.

वर्तुळाच्या बाहेर एक बिंदू घ्या, 'प'. तिथून एक स्पर्शिका काढा, ती 'स'मध्ये टेकते. त्याच 'प'मधून एक छेदिका काढा. ती वर्तुळाला आधी 'च'मध्ये आणि मग पलीकडे 'छ'मध्ये भेटते. प्रमेय म्हणतं:

प-च × प-छ = (प-स) चा वर्ग.

सिद्धतेला मागच्या वेळचे समरूप त्रिकोण कामाला येतात. स-च आणि स-छ जोडा. त्रिकोण प-स-च आणि त्रिकोण प-छ-स यांत 'प'चा कोन सामाईक आहे. शिवाय स्पर्शिका आणि जीवा यांच्यामधला कोन हा त्या जीवेने पलीकडच्या कंसात केलेल्या कोनाइतका असतो. दोन कोन जुळले, त्रिकोण समरूप झाले, बाजूंचं गुणोत्तर मांडलं की झालं.

एक उदाहरण घेऊ. स्पर्शिकाखंड ६ सेंटिमीटर असेल आणि छेदिका ४ सेंटिमीटरवर वर्तुळात शिरत असेल, तर ती बाहेर कुठे पडेल? ४ × ९ = ३६. म्हणजे 'प'पासून ९ सेंटिमीटरवर. छेदिका ३ सेंटिमीटरवर शिरली तर १२ वर बाहेर पडेल. छेदिका 'प'भोवती फिरवत राहा, दोन्ही अंतरं बदलत राहतात, गुणाकार मात्र ३६ च. आणि छेदिका फिरवत फिरवत स्पर्शिकेवर आणली की दोन्ही अंतरं ६ आणि ६ होतात. स्पर्शिका ही अशी छेदिका, जिचे दोन बिंदू एक झाले आहेत. मघाशी सरकवताना जे डोळ्यांनी पाहिलं, तेच इथे गुणाकारात उतरलं.

बांगडीखालची फट

आता हेच प्रमेय घेऊन बांगडीकडे परत जाऊ. समजा बांगडीचा बाहेरचा व्यास ६० मिलिमीटर आहे. पट्टी तिला 'स'मध्ये टेकली आहे. पट्टीवर 'स'पासून २ मिलिमीटर अंतरावर 'प' घ्या. 'प'मधून अशी छेदिका काढा की जी केंद्रातून जाते. या छेदिकेवर 'प'पासून बांगडीपर्यंतचं अंतर ही आपली फट. पलीकडच्या बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे फट अधिक पूर्ण व्यास. म्हणून:

फट × (फट + ६०) = २ × २ = ४.

फट फारच लहान असल्यामुळे कंसातली संख्या ६० च धरली तरी चालेल. फट येते सुमारे ०.०६७ मिलिमीटर. आपल्या वहीचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे स्पर्शबिंदूच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन मिलिमीटरपर्यंत बांगडी आणि पट्टी यांच्यामध्ये कागदसुद्धा जात नाही. डोळ्यांना त्या चिकटलेल्या दिसल्या यात नवल काय! ५ मिलिमीटरवर फट सुमारे ०.४ मिलिमीटर होते, आणि १० मिलिमीटरवर दीड मिलिमीटरच्या वर जाते. तिथे डोळा लगेच फरक ओळखतो.

प्रोटॅगोरसला उत्तर इथे मिळतं. फट शून्य कधी होते? समीकरणाच्या उजव्या बाजूला 'स'पासूनच्या अंतराचा वर्ग आहे. तो शून्य होतो तो फक्त अंतर शून्य असतानाच. म्हणजे एकाच बिंदूत. बाकी सगळीकडे फट आहे, कितीही बारीक असो. आणि गंमत बघा, डोळ्यांना चार-पाच मिलिमीटर स्पर्श का दिसतो, हेही त्याच समीकरणाने सांगितलं. 'एकाच बिंदूत स्पर्श' मान्य केल्यावरच 'अनेक बिंदूंत स्पर्श दिसतो' याचा हिशोब लागतो. भूमितीने डोळ्यांना खोटं पाडलं नाही. डोळ्यांना तसं का दिसलं ते समजावून सांगितलं.

युक्लिडने याच्याही पुढची गोष्ट म्हटली आहे. तिसऱ्या पुस्तकातल्या सोळाव्या विधानात तो दाखवतो की स्पर्शिका आणि वर्तुळ यांच्यामध्ये आणखी एकही सरळ रेषा घुसवता येत नाही. समजा आपण पट्टी 'स'भोवती अगदी जराशी कलवली, १०० मिलिमीटरला १ मिलिमीटर इतकीच. तेवढ्यानेही ती बांगडीच्या आत शिरते आणि सुमारे ०.६ मिलिमीटरवर तिला दुसऱ्यांदा छेदते. कल याहून कमी केला तर दुसरा बिंदू अजून जवळ येईल, पण असेलच. खऱ्या बांगडीत पट्टी अशी शिरणार नाही हे खरं, पण कागदावरच्या वर्तुळात ती शिरते.

क्षितिज किती दूर?

इथवरचं सगळं बांगडीपुरतं वाटत असेल तर तोच हिशोब पृथ्वीवर करू. कोकणातल्या कुठल्याही किनाऱ्यावर, पाण्याच्या कडेला उभे राहा. समुद्र जिथे आभाळाला टेकतो, तिथे आपली नजर पृथ्वीला स्पर्श करून पुढे जाते. नजर ही स्पर्शिका. डोळ्यांची उंची समजा १.६ मीटर. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,३७१ किलोमीटर, म्हणजे व्यास १२,७४२ किलोमीटर. फटीच्या जागी आता आपली उंची आली:

०.००१६ × १२,७४२ = सुमारे २०.४.

त्याचं वर्गमूळ साडेचार. म्हणजे किनाऱ्यावर उभ्या माणसाचं क्षितिज जेमतेम साडेचार किलोमीटरवर असतं! आपल्याला ते केवढं लांब वाटतं. तेच कळसूबाईच्या माथ्यावरून, १,६४६ मीटर उंचीवरून, हिशोबाने क्षितिज सुमारे १४५ किलोमीटरवर जातं. मध्ये डोंगर येतात, धुरकट हवा येते, आणि वातावरणात प्रकाश थोडा वाकतो, ते वेगळं. उंची हजारपट झाली, पण अंतर साधारण बत्तीसपटच वाढलं, कारण नातं वर्गाचं आहे.

हीच कल्पना उलटी वापरून अल-बिरूनीने अकराव्या शतकात पृथ्वीची त्रिज्या काढली होती. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगराची उंची त्याने मोजली. मग माथ्यावरून क्षितिज आडव्या रेषेच्या किती खाली दिसतं, तो कोन मोजला. बाकीचा सगळा हिशोब एका काटकोनावर उभा होता: नजर जिथे पृथ्वीला स्पर्श करते, तिथे त्रिज्या तिला लंब असते. त्या काटकोनापाशी जाऊन तो कोणी मोजून आला नव्हता. तो फक्त सिद्ध केलेला होता.

परीघ आणि क्षेत्रफळ: दोन्हीकडे तोच पाय कसा?

आता शेवटचा भाग. परीघाचं सूत्र: दोन पाय त्रिज्या. क्षेत्रफळाचं सूत्र: पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग. दोन्ही पाठ असतात. पण एक प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. पाय म्हणजे परीघ भागिले व्यास. तो लांबीच्या मापातून आला. मग तोच आकडा क्षेत्रफळात कसा काय शिरला?

उत्तर चित्रात बघायचं तर आपल्याच मातीतला एक माणूस दाखवतो. कोकणातल्या मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. पंचांगवाल्यांना 'ग्रहलाघवा'मुळे ते ठाऊक आहेत. त्यांनी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' नावाची टीका लिहिली, १५४५ साली. त्यात ते सांगतात, वर्तुळाचे दोन अर्धे करा. प्रत्येक अर्ध्याचे केंद्रातून निघणारे सारखे, टोकदार तुकडे पाडा. दोन्ही अर्धे उलगडून सरळ करा, करवतीच्या दात्यांसारखे, आणि एकाचे दाते दुसऱ्याच्या फटींत बसवा. आयत तयार होतो. त्याची लांबी अर्धा परीघ, रुंदी त्रिज्या. म्हणून क्षेत्रफळ म्हणजे अर्धा परीघ गुणिले त्रिज्या. गोल भाकरीचे तुकडे करून हे घरी सहज करता येतं.

त्यात परीघाच्या जागी दोन पाय त्रिज्या घाला, पाय त्रिज्यावर्ग आपोआप येतं. सूत्रं दोन नाहीतच, एकच आहे.

पण थांबा. दहावीतली मुलगी इथे हात वर करील, आणि तिने करायलाच हवा. आयताच्या वरच्या-खालच्या कडा सरळ कुठे आहेत? तुकडे कितीही बारीक केले तरी कड थोडी खवलेदारच राहणार. म्हणजे हे 'जवळजवळ' आयत आहे. मग सूत्रही 'जवळजवळ' आहे का?

इथे आर्किमिडीज मदतीला येतो, आणि त्याच्या हातात आपलं स्पर्शिकेचं प्रमेय आहे. वर्तुळाभोवती बाहेरून एक बहुभुज काढा, ज्याची प्रत्येक बाजू वर्तुळाला स्पर्श करते. केंद्र प्रत्येक कोपऱ्याशी जोडा. बहुभुजाचे त्रिकोण झाले. प्रत्येक त्रिकोणाची उंची किती? बरोबर त्रिज्येइतकी, कारण त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते. म्हणून बाहेरच्या बहुभुजाचं क्षेत्रफळ म्हणजे त्याची अर्धी परिमिती गुणिले त्रिज्या. षट्‌कोन असो की ९६ बाजू असोत, यात 'जवळजवळ' नाही. आतून काढलेल्या बहुभुजात परिमिती परीघापेक्षा कमी आणि उंचीही त्रिज्येपेक्षा कमी, म्हणून त्याचं क्षेत्रफळ 'अर्धा परीघ गुणिले त्रिज्या' याहून नेहमी कमीच राहतं.

आता समजा, कोणी म्हणालं की वर्तुळाचं क्षेत्रफळ आपल्या सूत्राहून थोडंसं जास्त आहे. ठीक. मग आतल्या बहुभुजाच्या बाजू इतक्या वाढवा की त्याचं क्षेत्रफळ वर्तुळाच्या खूप जवळ येईल, त्या 'थोड्याशा' फरकाहूनही जवळ. मग तो बहुभुजही सूत्राहून मोठा व्हायला हवा. पण तो नेहमी लहानच असतो, हे आत्ताच पाहिलं. विरोध आला. आणि कोणी म्हणालं, क्षेत्रफळ सूत्राहून थोडं कमी आहे, तर बाहेरचा बहुभुज घेऊन तसाच विरोध येतो. जास्तही नाही, कमीही नाही. मग उरलं काय? बरोबर तितकंच.

बघा, तुकडे मोजून कोणी अनंताच्या टोकाला पोचलं नाही. फरक कितीही बारीक सांगा, तो टिकत नाही एवढं दाखवलं, आणि 'जवळजवळ'चं 'बरोबर' झालं.

बावीस सप्तमांश

सूत्र नेमकं आहे. पण आकड्याची गोष्ट निराळी. आर्किमिडीजने त्याच ९६ बाजूंच्या बहुभुजांनी दाखवलं की पाय हा २२/७ पेक्षा कमी आणि २२३/७१ पेक्षा जास्त आहे. २२/७ ही वरची मर्यादा होती. ती पायची किंमत आहे असं त्याने म्हटलेलं नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या 'आर्यभटीया'त २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ दिला, म्हणजे ३.१४१६, आणि त्याला 'आसन्न' हा शब्द जोडला. आसन्न म्हणजे जवळचा. पुढे केरळात नीलकंठ सोमयाजीने या एका शब्दावर भाष्य करताना सांगितलं की व्यास आणि परीघ ही दोन्ही एकाच एककाने पूर्ण मोजली जाऊ शकत नाहीत, म्हणून आर्यभटाने जवळची किंमत दिली. भास्कराचार्यही २२/७ ला स्थूल आणि ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हणतात. युरोपात लॅम्बर्टने १७६१ मध्ये सिद्ध केलं की पाय कोणत्याही अपूर्णांकात मांडता येत नाही, आणि लिंडेमानने १८८२ मध्ये त्याहून पुढचं सिद्ध केल्यावर, पट्टी-कंपासने वर्तुळाइतक्या क्षेत्रफळाचा चौरस काढणं अशक्य आहे, हेही ठरलं.

यात एक तत्त्वज्ञ चांगलाच अडकला होता. इंग्लंडचा थॉमस हॉब्ज, राज्यशास्त्रात मोठं नाव. १६५५ च्या 'दे कोर्पोरे' या ग्रंथात त्याने वर्तुळाचा चौरस केल्याचा दावा केला. ऑक्सफर्डचा गणिती जॉन वॉलिस याने तो खोडून काढला. हॉब्ज हटला नाही, भांडण पुढची वीसेक वर्षं चाललं. त्याच्या मते बिंदूलाही काही आकारमान असतं, फक्त आपण ते विचारात घेत नाही. आता बिंदूला आकारमान दिलं की स्पर्श कुठे संपतो आणि छेद कुठे सुरू होतो, हे सांगायचं कसं? 'जवळजवळ' आणि 'बरोबर' यांच्यातली भिंतच पडते.

म्हणून 'जवळजवळ' हलकं, असं मात्र नाही. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवणारा लोहार चाकाच्या कडेचं माप घेतो, लोखंड किती लहान ठेवायचं आणि तापल्यावर ते किती फुलेल, हे जाणतो. त्याचं काम चोख असतं. त्याला आपली चूक किती चालेल हे माहीत असतं. अडचण होते ती 'जवळजवळ'ला 'बरोबर' समजलं की.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: मग परीक्षेत २२/७ घ्यायचं की ३.१४?*

प्रश्नात जे दिलं असेल ते. पण दोन्हींत काय होतं ते एकदा बघून ठेवू. ७ सेंटिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ २२/७ ने १५४ चौरस सेंटिमीटर येतं, ३.१४ ने १५३.८६. खरं उत्तर सुमारे १५३.९४. एक थोडं वर, दुसरं थोडं खाली. म्हणून मुलांना 'पाय बरोबर २२/७' असं शिकवू नये. 'पाय २२/७ च्या जवळ, जरासा कमी' असं सांगावं. एक किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात २२/७ ने परीघ सव्वा मीटरने चुकतो, आर्यभटाच्या किमतीने सात-आठ मिलिमीटरने. कुठलं वापरायचं ते कामावरून ठरतं.

*प्रश्न: त्या मुलीला एका वाक्यात काय सांगावं?*

वाक्य सांगू नये, बांगडी द्यावी. आधी तिला विचारावं, किती ठिकाणी टेकली? ती म्हणेल, एवढ्या भागात. मग तिच्याकडूनच दोन मिलिमीटरवरची फट काढून घ्यावी, आणि मधे कागद सरकवून बघायला सांगावं. कागद जात नाही आणि फट मात्र आहे, हे दोन्ही एकदम तिच्या हातात आलं की सिद्ध कशाला करायचं, हे आपल्याला सांगावं लागणार नाही. त्यानंतरही तिने सिद्धता पाठ केली, तर करू दे. काय पाठ करतोय, हे तिला माहीत असेल.

पुढच्या वेळी अप्रत्यक्ष सिद्धता आणि नैयायिकांचा तर्क यांच्याविषयी बोलू. तोवर घरच्या बांगड्यांचे व्यास मोजून ठेवा. नमस्कार.